गवताचा घागरा आणि सभ्यतेचा टेंभा

हवाई बेटांचे नाव काढले की गवताचा घागरा नेसून कंबर हलविणारी तरुणी डोळ्यांसमोर उभी राहते. हे चित्र इतके रुजले आहे की आपल्याकडील सुशिक्षित मंडळीही ‘हवाईयन नाइट’ला प्लॅस्टिकचे घागरे आणि कागदी फुलांचे हार घालून मिरवतात. वस्तुतः तो घागरा हवाईचा नव्हेच! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिल्बर्ट बेटांवरून आलेल्या मजुरांबरोबर तो तेथे पोहोचला.

‘हुला’ या नृत्याचे मूळ वस्त्र म्हणजे ‘पाऊ’. ‘वाउके’ या झाडाची अंतर्साल भिजवून, लाकडी मोगरीने बडवून ‘कापा’ नावाचे वस्त्र तयार होई. त्यावर बांबूच्या पट्ट्यांनी ठसे उमटवीत. नर्तक ते कमरेभोवती अनेक पदरांनी गुंडाळीत. डोक्यावर, गळ्यात, मनगटांवर आणि घोट्यांवर पानाफुलांचे हार असत. ही पाने लाका या नृत्यदेवतेची. ती प्रार्थना म्हणूनच खुडावयाची. लिपी नसलेल्या या समाजाच्या वंशावळी आणि स्तोत्रे हुलानेच जतन केली होती.

1820 साली न्यू इंग्लंडहून मिशनरी उतरले. त्यांना या वेषात भक्ती दिसली नाही, नग्नता तेवढी दिसली. त्यांच्या प्रभावाखाली 1825 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या काआहुमानू राणीने 1830 साली सार्वजनिक हुलावर बंदी घातली. बंदी ढिली पडली तेव्हा परवान्याचे जोखड आले. कापा मागे पडण्याचे खापर केवळ मिशनऱ्यांच्या माथी फोडता येणार नाही, हे खरे. व्यापाऱ्यांचा सुती कपडा सोयीचा होता आणि राजघराण्याने तो आधीच आपलासा केला होता. परंतु स्वतःच्या वेषाची लाज बाळगावयास शिकविले कोणी?

राजा कालाकाउआने 1883 च्या राज्याभिषेकसोहळ्यात हुलाला पुन्हा मानाचे स्थान दिले, तेव्हा कार्यक्रमपत्रिका छापल्याबद्दल अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. 1893 मध्ये राजसत्ताच उलथविण्यात आली आणि नव्या सरकारचा प्रमुख झाला सॅनफर्ड डोल, एका मिशनऱ्याचा पुत्र! 1898 मध्ये अमेरिकेने ही बेटे गिळली.

जे अश्लील ठरले होते, तेच आता विक्रीस निघाले. 1937 साली वायकीकी येथे सुरू झालेला ‘कोडॅक हुला शो’ पर्यटकांना छायाचित्रे घेता यावीत म्हणून दिवसाउजेडी होई. तो 2002 पर्यंत चालला. हॉटेलांतून तर सेलोफेनचे घागरेही झळकले. देवतेची पाने गेली, चकाकणारा कागद आला.

संस्कृती प्रवाही असते, असे यावर ऐकविले जाते. असते ना! मिशनरी पद्धतीच्या झग्यातून हवाईच्या स्त्रियांनी ‘होलोकू’ घडविला आणि तो अभिमानाने मिरविला. तो बदल त्यांनी स्वतः घडविला होता. सेलोफेन हॉटेलवाल्यांनी नेसविले. हा भेद ज्यांना कळत नाही, त्यांनी प्रवाहाच्या गोष्टी करू नयेत.

हिलो येथे कालाकाउआच्या स्मरणार्थ भरणाऱ्या ‘मेरी मोनार्क’ महोत्सवात 1971 पासून हुलाच्या स्पर्धा होतात. कापा बडविण्याची लुप्तप्राय विद्याही त्याच दशकात काही जिद्दी हवाईयनांनी पुन्हा हाती घेतली. संग्रहालयांतील जुने तुकडे न्याहाळीत, चुकत-माकत. 2011 साली याच महोत्सवात ‘हालाऊ ओ केकुही’ या हुला-गुरुकुलाचे नर्तक ताज्या बडविलेल्या कापाची वस्त्रे नेसून रंगमंचावर आले.