घर आणि सजावट : जोडी फोडू नका!

जुन्या घराच्या वाटण्या निघाल्या की चिनी मातीच्या, हाताने रंगवलेल्या दोन फुलदाण्यांचा निकाल फार लवकर लागतो. "एक तुला, एक मला!" भांडण नको म्हणून सगळ्या माना डोलावतात. पण जरा थांबा. आधी त्या दोघी शेजारी ठेवून नीट पाहा. पुष्कळ जोड्यांत एकीवरचा पक्षी उजवीकडे पाहत असतो, तर दुसरीवरचा डावीकडे. म्हणजे चित्रकाराने त्या एकमेकींसाठीच रंगवलेल्या असतात. वेगळ्या केल्या की दोन्ही घरांत अर्धंच चित्र उरतं. किंमतही सहसा जोडीलाच चांगली येते. तेव्हा एकीने जोडी घ्यावी, दुसरीने तोलामोलाची दुसरी वस्तू. नाहीतर वर्ष-वर्ष पाळीने ठेवावी.

रंगकाम हाताचं की छापील, हे कसं ओळखाल? भिंगातून पाहा. बारीक बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर चित्र छापील. कुंचल्याचे कमी-जास्त दाबाचे फटकारे दिसले तर हाताचं. हाताने रंगवलेल्या दोन फुलदाण्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात, एखादं पान इकडेतिकडे असतंच. ती खोट नव्हे, खूण! तळही पाहा. नुसतं 'इंग्लंड' लिहिलेलं असेल, तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची.

जोडी दाराशी उभ्या केलेल्या शिपायांसारखी दोन टोकांना ठेवायलाच हवी असं नाही. छोट्या खोलीत दोघी एकाच फळीवर, वीतभर अंतराने, चित्रं समोरासमोर येतील अशा ठेवा. मागची भिंत साधी, एकरंगी हवी. फुलाफुलांचा पडदा मागे आला की नक्षी हरवलीच म्हणून समजा. शिवाय वाऱ्याने पडदा उडून फुलदाणी खाली यायची भीती. आत बारीक वाळूची पुरचुंडी ठेवली की ती डगमगत नाही.

उचलताना काठाला किंवा कानाला धरू नका. एक हात पोटाला, एक तळाखाली. सोनेरी वेल झिलईच्या वर काढलेली असते, म्हणून राख, घासणीची पूड, लिंबू काही लावायचं नाही. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकली की पुरे. जुना सांधा असेल तर पाण्यात मुळीच बुडवू नका, सरस सुटतो. बारीक चिरा असल्या तर आत पाणी भरू नका, डाग झिरपतात. ताजी फुलं हवीतच, तर आत काचेचा पेला ठेवून त्यात ठेवा.

आणि हो, अशी भांडी परदेशातूनच येत असं समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत सुरेख भांडी घडत, अजिंठ्याच्या चित्रांची नक्षी त्यांवर उतरत असे. भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तिथे हे काम पाहायला मिळतं. मुलांना घेऊन जरूर जा.

एक फुटली तर? उरलेली माळ्यावर टाकू नका. तिच्या शेजारी एखादी साधी, ठेंगणी तांब्याची लोटी ठेवा. जुनी सोबत परत येत नाही, पण कोपरा ओकाबोका राहत नाही. मात्र जोवर दोघी धड आहेत, तोवर त्यांना एकत्रच नांदू द्या!