मार्च महिना आणि आमची धाकधूक

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे आम्ही चाहते आहोत. नात्यातला एक मुलगा तिकडे शिकायला गेला आणि त्याच्या नादाने आम्हालाही हा नाद लागला. आता वाचक विचारतील, चाहते आहात तर मार्च महिना आला की तोंड पाडून का बसता? आमचा संघ जिंकणारच असे छातीठोकपणे का सांगत नाही? घरातली पोरेही आम्हाला हेच विचारतात. तेव्हा एकदा त्याचे उत्तर देऊन टाकू.

तिकडे कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे चार मित्रांनी टाळ्या वाजवायचा खेळ नव्हे. हजारो लोक तिकीट काढून येतात, टीव्हीवाले अब्जावधी डॉलर मोजतात. नोव्हेंबरपासून एकेक संघ तीसच्या वर सामने खेळतो आणि मग मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिला ६८ संघ घेतात. त्यातले चार प्राथमिक फेरीत गळतात. उरलेल्या ६४ संघांचे चार गट आणि प्रत्येक गटात १ ते १६ असे मानांकन. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, अशी रचना. पुढे सगळे बाद पद्धतीने. वस्तीतल्या कबड्डीच्या स्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना बाद पद्धत समजावून सांगायला नको. वर्षभर कितीही पराक्रम केलेला असो, एका दिवशी पाय घसरला की सामान बांधायचे.

विजेतेपदाला सलग सहा सामने जिंकावे लागतात. आता हिशेब करा. दहापैकी नऊ वेळा जिंकेल असा बळकट संघ घ्या. सहाच्या सहा सामने जिंकण्याची त्याची शक्यता निघते शेकडा ५३. म्हणजे नाणे उडवण्यासारखेच! दहापैकी आठ वेळा जिंकणारा संघ घेतला, तर शेकडा २६. पोरांकडून गुणाकार करून घ्या, आमच्यावर विश्वास ठेवू नका. तेव्हा चाहत्याला शंका येते ती माया कमी म्हणून नव्हे. हिशेब येतो म्हणून येते.

त्यात आमच्या संघाची तऱ्हा निराळी. टोनी बेनेट २००९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी संघाला बचाव शिकवला, असा बचाव की समोरच्याला बास्केटखाली जागाच मिळू नये. आणि चेंडू आपल्याकडे आला की घाई नाही. तीस सेकंदांत फेक करायची असा नियम आहे, तर आमची मुले त्यातले बहुतेक सेकंद वापरणार. सबंध देशात इतके सावकाश खेळणारे संघ फार थोडे. यात एक मेख आहे. कॅरममध्ये कच्चा गडी मुरलेल्या खेळाडूशी एकच डाव खेळला तर एखादे वेळी जिंकून जाईल, वीस डाव खेळला तर नाही जिंकणार. सावकाश खेळले की दोन्ही संघांच्या हाती चेंडू कमी वेळा येतो, म्हणजे डाव कमी होतात. बळकट संघाने डाव कमी केले तर फायदा दुबळ्याचा. आमच्या शंकेचे मूळ इथे आहे.

आणि मार्चने ती शंका फिटू दिली नाही. २०१४ मध्ये पहिले मानांकन होते, मिशिगन स्टेटकडून दोन गुणांनी हरलो. २०१५ मध्ये पुन्हा त्यांनीच घरी धाडले. २०१६ मध्ये सिराक्यूजविरुद्ध १५ गुणांची आघाडी उत्तरार्धात घालवली. २०१७ मध्ये फ्लोरिडाने ६५-३९ असे धुतले.

मग २०१८ उजाडले. स्पर्धेपूर्वीच्या ३३ सामन्यांत ३१ विजय, आणि ६८ संघांत सर्वांत वरचे मानांकन. देशात आमच्याविरुद्ध गुण मिळवणे सर्वांत अवघड. फक्त डिआंद्रे हंटर या गुणी पोराचे मनगट स्पर्धेच्या तोंडावर मोडले. समोर सोळावे मानांकन असलेला यूएमबीसी संघ, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा. ही शाखा बास्केटबॉलपेक्षा बुद्धिबळासाठी प्रसिद्ध! १९८५ पासून पहिल्या आणि सोळाव्या मानांकनाचे १३५ सामने झाले होते आणि १३५ ही पहिल्यानेच जिंकले होते. १६ मार्चच्या रात्री शार्लट शहरात मध्यंतराला गुण २१-२१. उत्तरार्धात यूएमबीसीने ५३ गुण केले. जैरस लाइल्स नावाच्या खेळाडूने एकट्याने २८. त्यांनी लांबून २४ वेळा फेकी करून १२ चेंडू जाळीत टाकले, आमच्या मुलांनी २२ वेळा फेकून अवघे चार. ७४-५४. आपल्याकडे तेव्हा १७ मार्चची सकाळ होती. चहा तसाच निवला.

त्यानंतर जे झाले ते आम्हाला त्या पराभवापेक्षा वाईट वाटते. चाहते म्हणवणाऱ्यांनीच एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना नाही नाही ते ऐकवले. ही मुले तेव्हा पगारी नव्हती, हे ध्यानात घ्या. शिष्यवृत्ती आणि राहण्या-खाण्याचा खर्च यापलीकडे त्या अब्जावधी डॉलरमधले त्यांच्या हाती काही पडत नसे. स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली ती जुलै २०२१ पासून. काइल गाय हा त्यातलाच एक खेळाडू. त्याने पुढे आपल्या मनाच्या घालमेलीच्या आजाराविषयी उघडपणे लिहिले. पोराने असे लिहायला धीर लागतो. संघ जिंकेल की नाही अशी शंका घ्यायचा हक्क आम्हाला आहे. पण शंका खेळाच्या पद्धतीवर घ्यावी, पोराच्या लायकीवर नाही, एवढा फरक आम्ही पाळतो. दहावीला बसलेल्या मुलाच्या बापालाही हा फरक ठाऊक असतो, निदान असावा.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, पुन्हा पहिले मानांकन आणि पुन्हा सोळाव्याशी गाठ. गार्डनर-वेब संघाने पूर्वार्धात १४ गुणांची आघाडी घेतली तेव्हा आम्ही टीव्हीकडे पाठ केली होती. पण मुले सावरली, ७१-५६ ने जिंकली. मग पर्ड्यूविरुद्ध वेळ संपता संपता चेंडू उडून मैदानाच्या पार दुसऱ्या अर्ध्यात गेला. काइही क्लार्क या ठेंगण्या पोराने धावत तो गाठला, लांबूनच ममादी डियाकिटेकडे फेकला आणि डियाकिटेने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली. जादा वेळेत ८०-७५. ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना आम्ही दोन गुणांनी मागे. काइल गायला तीन फ्री थ्रो मिळाले. तिन्ही आत, ६३-६२. (त्या आधी आमच्या एका खेळाडूची चूक पंचांच्या नजरेतून निसटली होती, हेही सांगायला हवे. ऑबर्नवाले अजून विसरलेले नाहीत.) अंतिम सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध १२.९ सेकंद उरले असताना हंटरने बरोबरी केली. तोच हंटर, आदल्या वर्षी मनगट मोडलेला. त्याचे २७ गुण, जादा वेळेत ८५-७७, आणि ८ एप्रिल २०१९ ला विजेतेपद.

लोक म्हणाले, आता तरी शंका सोडा. आम्ही म्हणतो, नीट पाहा. लागोपाठचे तीन सामने हातातून जाता जाता राहिले. त्यांपैकी एक चेंडू बोटभर इकडे-तिकडे झाला असता तर? विजेतेपदाने आनंद दिला, हिशेब मात्र होता तिथेच राहिला.

पुढे झालेही तसेच. २०२० ची स्पर्धा कोरोनामुळे रद्द. २०२१ मध्ये ओहायो संघाकडून पहिल्याच फेरीत हार. २०२३ मध्ये फर्मनविरुद्ध दोन गुणांनी पुढे असताना अखेरच्या काही सेकंदांत चेंडू चुकीच्या हाती गेला आणि सामना ६८-६७ ने गेला. चेंडू फेकणारा कोण? काइही क्लार्क. २०१९ चा तो पासही त्याचा, हाही त्याचाच. २०२४ मध्ये तर प्राथमिक फेरीतच ६७-४२. त्या ऑक्टोबरमध्ये बेनेट निवृत्त झाले आणि २०२५ च्या मार्चमध्ये आमचा संघ स्पर्धेतच नव्हता.

त्याच महिन्यात विद्यापीठाने नवे प्रशिक्षक नेमले, रायन ओडम. त्यांचे वडील पूर्वी याच संघाचे सहायक प्रशिक्षक होते. पण आम्हाला ओडम हे नाव निराळ्याच कारणाने पाठ आहे. २०१८ च्या त्या रात्री यूएमबीसीच्या बाजूला उभे असलेले प्रशिक्षक हेच! आमचे १३५ सामन्यांचे कवच ज्यांनी फोडले, तेच आता आमच्या मुलांना शिकवणार. घरातली पोरे हसून विचारतात, आता तरी निवांत झोपाल ना? तिकडच्या रात्रीचे सामने इकडे पहाटे-सकाळी लागतात. घड्याळाचा गजर कधी लावायचा, तेवढे आम्ही पोरांना सांगून ठेवले आहे.