घोडे आहेत, मैदान कुठे आहे?

अमेरिकेतल्या डॉज कंपनीने २०१५च्या मॉडेलमध्ये 'चॅलेंजर हेलकॅट' आणली, तेव्हा गिऱ्हाइकाच्या हाती दोन किल्ल्या दिल्या. एक लाल, दुसरी काळी. लाल किल्लीने गाडी सुरू केली की ७०७ अश्वशक्ती दिमतीला हजर. काळीने सुरू केली की इंजिन पाचशेवर थांबणार. आपल्याकडच्या मध्यमवर्गाला मोटारीत बसवणाऱ्या मारुती ८००ची ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास होती, हे आठवले म्हणजे हा आकडा किती अचाट आहे ते कळेल. एका बॉनेटखाली सतरा-अठरा मारुती! आणि गंमत अशी की, इतके घोडे विकणारा कारखानदारच त्यातले दोनशे बांधून ठेवण्याची सोय करून देतो. 'मसल कार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पहिलवानी गाड्यांचा सारा वाद या दोन किल्ल्यांत सामावलेला आहे.

या गाड्यांचा जन्मच मुळी एका पळवाटेतून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत ठरावीक मापापेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टिॲक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी १९६४च्या मॉडेलला ६.४ लिटरचे इंजिन 'जादा सोय' म्हणून देऊ केले आणि नियमाला बगल दिली. ही 'जीटीओ' तुफान खपली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. किंमत २,३६८ डॉलरपासून. त्या काळी अमेरिकन कुटुंबाचे सर्वसाधारण वार्षिक उत्पन्न साडेसहा हजार डॉलरच्या घरात होते. म्हणजे नुकताच नोकरीला लागलेला पोरगाही हप्त्यावर ती घेऊ शके. मसल कारचे खरे मर्म हे होते. ती श्रीमंताची गाडी नव्हती.

पुढे विम्याचे हप्ते भडकले, धुराविषयीचे कायदे कडक झाले आणि १९७३च्या तेलटंचाईने उरलीसुरली हवा काढून घेतली. १९७४च्या मस्टँगचे साधे इंजिन अवघ्या ८८ घोड्यांचे होते! एकेकाळचा हिंदकेसरी जणू काठी टेकत चालू लागला. ज्यांनी तो ऱ्हास पाहिला, त्यांना सातशे घोड्यांचे पुनरागमन म्हणजे दिवाळी वाटली, तर त्यांना हसू नये.

शौकिनांची बाजू मांडायची तर ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ते म्हणतात, एवढी ताकद देणाऱ्या इटालियन गाडीला कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. हेलकॅट साठ हजार डॉलरच्या आसपास मिळत होती. शिवाय जुन्या मसल गाड्यांचे ब्रेक बेताचे, टायर अरुंद. आजच्या गाडीत चाक घसरू लागताच इंजिनाला आवर घालणारी यंत्रणा असते. तेव्हा नुसता आकडा पाहून ओरड कशाला? हा युक्तिवाद खोटा नाही.

पण तो पुरेसाही नाही. शर्यत एकदा आकड्यांची झाली की तिला अंत नसतो. २०१८च्या मॉडेलमध्ये डॉजने ८४० घोड्यांची 'डीमन' काढली. वजन कमी राहावे म्हणून तिच्यात चालकाशेजारची सीटच नव्हती. ती हवी असेल तर एक डॉलर वेगळा! २०२३ची शेवटची डीमन १,०२५ घोड्यांची, मूळ किंमत ९६,६६६ डॉलर. अमेरिकेतल्या सर्वसाधारण घराचे त्या सालचे संपूर्ण उत्पन्न सुमारे ८०,६०० डॉलर होते. ज्या पोरासाठी ही जात जन्माला आली, तो आता फक्त काचेबाहेरून पाहणार. आणि ज्या आकड्यासाठी हा अट्टहास, तो २०२१ सालीच टेस्लाच्या चार दारांच्या, मुकाट्याने धावणाऱ्या विजेच्या गाडीने जवळपास गाठला होता. ताकद स्वस्त झाली, म्हणजे ताकदीचा दिमाख संपला.

याहून गंभीर प्रश्न मैदानाचा आहे. रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती थांबाव्यात, पोरांना हौस भागवायला सुरक्षित पट्टी मिळावी, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. हा शहाणपणा अमेरिकेला सत्तर वर्षांपूर्वी सुचला होता. आज काय दिसते? अटलांटाची पट्टी २०२१मध्ये बंद झाली. ह्यूस्टनची आणि डेन्व्हरजवळची बॅन्डिमियर २०२३मध्ये. घोडे हजार झाले आणि मैदाने मिटत चालली. मग ती पोरे रात्री चौक अडवून गाड्या गरागरा फिरवतात आणि कडेला उभा राहून पाहणारा कुणाचा तरी मुलगा चाकाखाली येतो. आपली मुले-नातवंडे टेक्सासला किंवा न्यू जर्सीला असतील, तर हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. लाल किल्ली कुणाच्या खिशात असावी, हे कंपनी नव्हे, घरच ठरवते.

डिसेंबर २०२३मध्ये चॅलेंजर आणि शेव्रोलेची कॅमारो या दोघींचे उत्पादन थांबले. पाठोपाठ डॉजने विजेवरची चार्जर आणली; ६७० घोडे आणि इंजिनाची डरकाळी कृत्रिम. ती ऐकून शौकीन हळहळले, ते स्वाभाविक आहे. परंतु डरकाळीसाठी रडण्यापेक्षा त्यांनी दोन गोष्टी मागाव्यात. पहिली, चारशे-साडेचारशे घोड्यांची, हाताने गिअर टाकायची, नोकरदाराला झेपेल अशी गाडी. कारण कौशल्य लागते तिथेच आनंद असतो. दुसरी, ती मनसोक्त पळवायला गावाबाहेर एक पट्टी. आणखी दोनशे घोडे मागू नयेत. आहेत त्यांनाच पळायला जागा उरलेली नाही.