पाठीचें दुखणें आणि सुईची परीक्षा

पनवेल हें औषधांचें जुनें गांव. १८७२ सालीं येथें धूतपापेश्वरचा कारखाना निघाला, आणि काढे, आसवें, तेलें यांवरील श्रद्धा घराघरांत रुजली. ती मोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाठीचें दुखणें महिना उलटला तरी हटत नाहीं, रात्रीं निजूं देत नाहीं, बारीक ताप येतो, अंग झडतें. अशा वेळींही ‘वात आहे, तेल चोळा’ असा निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांनीं द्यावा, हें आम्हांस मान्य नाहीं. माधवकरानें आपल्या ग्रंथांत केवळ निदान सांगितलें, चिकित्सा सांगितली नाहीं. रोग ओळखणें हें स्वतंत्र शास्त्र आहे, हें आपल्या पूर्वसूरींस ठाऊक होतें.

मणका कुरतडणारे रोग अनेक. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्यानें १७७९ सालीं वर्णिलेला व पुढें क्षयाचा ठरलेला विकार आपल्याकडे विपुल आहे. पण पू करणारे अन्य जंतु किंवा दुसऱ्या अवयवांतून आलेला कर्करोग हेही तेंच करतात. एमआरआयच्या चित्रांत हीं सोंगें पुष्कळदां सारखींच दिसतात; औषधें मात्र सर्वस्वीं भिन्न. मणक्याच्या क्षयाचें औषध आपल्या देशांत निदान वर्षभर देतात. कर्करोगाच्या रोग्यानें तें वर्ष क्षयाच्या गोळ्यांत घालविलें, तर हातीं काय उरेल?

म्हणून मणक्याचा कणभर अंश काढून तपासावा लागतो. रॉबर्टसन व बॉल यांनीं अशा सुईपरीक्षेचा वृत्तांत १९३५ सालींच प्रसिद्ध केला. आज सीटी स्कॅनच्या चित्रावर मार्ग पाहून, जागा बधिर करून सुई घालतात. पाठ चिरावी लागत नाहीं. ‘सुईनें पाय लुळे पडतील’ ही धास्ती घरोघरीं ऐकूं येते. रक्तस्राव वा मज्जातंतूस इजा क्वचित् होते, हें खरें. पण न ओळखलेला रोगच मज्जारज्जूवर दाब आणून पाय लुळे करतो, हें अधिक खरें.

घरच्यांनीं तीन गोष्टी संभाळाव्या. रक्त पातळ ठेवणारें औषध चालू असल्यास तें डॉक्टरांस आधींच सांगावें. परीक्षेपूर्वीं आपल्या मनानें जंतुनाशक गोळ्या देऊं नयेत; त्यांनीं जंतु दडतात. आणि काढलेला अंश दोन ठिकाणीं जाणार ना, हें नम्रपणें विचारावें: एक भाग फॉर्मॅलिनमध्यें सूक्ष्मदर्शकासाठीं, दुसरा त्यावांचून जंतुपरीक्षेसाठीं. सगळाच फॉर्मॅलिनमध्यें बुडाला तर जंतु मरतात, आणि ते वाढवून कोणतें औषध लागू पडेल हें पाहतां येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं पुरस्कारिलेली एक्सपर्ट चांचणी सुमारें दोन तासांत क्षयजंतूचा व रिफाम्पिसिनला तो दाद देतो कीं नाहीं याचा पत्ता देते. जंतु वाढवून पाहण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात.

एकदां कांहीं सांपडलें नाहीं म्हणजे रोग नाहीं, असेंही समजूं नये. परीक्षा पुन्हां करावी लागते. पायांतली शक्ति जाऊं लागली, लघवी अडली, तर मुहूर्त न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

सेवा आपल्या घरांत उदंड आहे. तिला योग्य निदानाची दिशा मिळाली, तरच ती रोग्याच्या कामीं येईल.