नियमाचा शब्द आणि खेळातील न्याय

खेळात मुले भांडतात ती हरल्यामुळे, असा एक समज रूढ आहे. आमचा अनुभव निराळा आहे. मधल्या सुट्टीत बुद्धिबळाच्या पटाभोवती जमलेली मुले पाहिली, तर हरलेला मुलगा बहुधा निमूटपणे मोहरी डब्यात भरू लागतो. आवाज चढतो तो नियमाचा अर्थ लावताना. "असे कोठे लिहिले आहे?" हा एकाचा प्रश्न, आणि "लिहिले आहे त्याचा अर्थ हाच!" हे दुसऱ्याचे उत्तर. हे भांडण पोरकट म्हणून सोडून द्यावे, असे आम्हांस वाटत नाही. त्याच्या मुळाशी भाषेचा दोष असतो, आणि त्या दोषाचा लाभ बहुतेक वेळी वयाने व आवाजाने मोठा असलेल्यासच मिळतो.

एक साधे वाक्य घेऊ : "प्यादे पहिल्या खेपेस दोन घरे चालते." पहिली खेप कोणाची? त्या प्याद्याची, की डावाची? आणि 'चालते' म्हणजे चालू शकते, की चाललेच पाहिजे? हे सारे अर्थ त्या पाच-सहा शब्दांत बसतात. आपल्याकडील जुन्या देशी पद्धतीत प्यादे ज्या घरात पोहोचेल त्या घरचे मोहरे होई. नियम ऐकावयास सुटसुटीत खरा. पण प्यादे राजाच्या घरी पोहोचल्यास काय? एका सैन्यात दोन राजे नांदावयाचे काय? तसेच, शह बसण्यापूर्वी राजास एकदा घोड्याची चाल चालण्याची मुभा असे. आता शह आला आणि उंट आड घालून तो अडविला, तर राजास शह 'बसला' म्हणावयाचे की नाही? घरोघरी या प्रश्नांची उत्तरे ठरलेली असत. परंतु अंबडचा खेळणारा भोकरदनच्या खेळणाऱ्यापुढे बसला, की दोन घरांच्या दोन उत्तरांची गाठ पडे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. नियम भिन्न असणे हा दोष नव्हे, तो संदिग्ध असणे हा दोष होय. पंजाबचे मीर सुलतान खान हे देशी नियमांवर वाढलेले खेळाडू. परदेशी नियम त्यांनी मागाहून शिकले, आणि तरीही १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. भिन्न नियम शिकता येतो. ज्याचा अर्थच ठरलेला नाही तो नियम शिकावयाचा तरी कसा?

हा दोष केवळ आपल्याच भाषेचा आहे, असेही कोणी समजू नये. १८६२ साली ब्रिटिश बुद्धिबळ संघटनेने जे नियम केले त्यांत शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्यास प्यादेच राहण्याची मोकळीक होती, आणि तीवरून पुढे पुष्कळ वाद झाला. नव्या मोहऱ्याचा रंग नियमात सांगितला नसेल, तर प्रतिपक्षाच्या रंगाचे मोहरे घेऊन त्याच्याच राजाची वाट अडवावी, अशी गमतीची कोडीही रचली गेली. १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या आजच्या नियमांत नवे मोहरे 'त्याच रंगाचे' असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. या दोन शब्दांनी एक पळवाट कायमची बुजविली.

दिवाळीत मातीचे किल्ले करून त्यांवर मावळे मांडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हेही ठाऊक असावे, की पाश्चात्य देशांत अशा चिमुकल्या सैन्यांच्या लढाया नियम लावून खेळल्या जातात. प्रशियातील राइसविट्झ नामक अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धखेळाची नियमावली प्रसिद्ध केली, एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली खेळण्यातील शिपायांच्या लढाईवर पुस्तक लिहिले. अशा खेळात शब्दाची कसोटी अधिकच कठीण. शिपाई सहा इंच पुढे जातो, तर मोजावयाचे पुढील कडेपासून की मधोमध? तटाआडून केवळ भाल्याचे टोक दिसत असेल, तर शिपाई 'दिसला' काय? नियमांचे हे जाळे वाढत गेले, तेव्हा प्रशियाच्याच फॉन व्हेर्डी या सेनाधिकाऱ्याने १८७६ साली असे मत मांडले, की नियम कमी करून निवाडा अनुभवी पंचावर सोपवावा.

मग पुस्तक श्रेष्ठ की पंच? आमच्या मते दोघांचीही आवश्यकता आहे. जागतिक संघटनेच्या नियमांच्या प्रस्तावनेतच हे मान्य केले आहे, की सर्व प्रसंग नियमांत सामावणे शक्य नाही, आणि फार बारकाव्याचा नियम पंचाच्या न्यायबुद्धीस बांधून टाकील. तथापि पंचाचे नाव पुढे करून शब्दांत आळस करणे बरे नव्हे. त्याच नियमावलीतील हात लावण्याचा नियम पाहा : ज्याची पाळी आहे त्याने, चालण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने, हात लावला तरच बंधन, मोहरे केवळ नीट ठेवावयाचे असल्यास तसे आधी सांगावे. बाहीचा चुकून लागलेला धक्का यातून आपोआप वगळला गेला. अशा वाक्यास आम्ही चांगले गद्य म्हणतो.

आता काही म्हणतील, खेळ तो खेळ. त्यास वकिली कशाला? परस्पर विश्वासावर तो चालावा. विश्वास आम्हांसही प्रिय आहे. परंतु संदिग्ध शब्दावर टेकलेला विश्वास पहिल्याच चुरशीच्या डावात ढासळतो, आणि धाकटा मुलगा "तुम्ही म्हणाल तसे" असे म्हणून पटावरून उठतो. तो पुन्हा बसत नाही, ही खरी हानी होय.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच. नियम डावापूर्वी लिहून काढा. 'तो', 'त्याचा', 'पर्यंत', 'किंवा' या शब्दांपाशी थांबा. "वजिराने घोडा मारल्यास तो पुन्हा चालतो" असे लिहिलेत, तर 'तो' कोण हे विचारण्याचा अधिकार प्रतिपक्षास आहे. लिहिलेले वाक्य खेळ न जाणणाऱ्यास वाचून दाखवा. तो दोन अर्थ काढील तर दोष वाक्याचा. डावात शंका निघाल्यास जिचा लाभ त्याने निर्णय देऊ नये. तिऱ्हाइताने द्यावा, आणि दिलेला निर्णय पुढील डावास दोघांनाही लागू असावा.

२०२५ साली बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकला. ज्या नियमांनी तेथे निवाडा होतो, तेच नियम परतुरातील मुलास उपलब्ध आहेत. व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटतो खरा. पण सर्वनाम योग्य जागी ठेवणे ही दुबळ्यास न्याय देण्याची एक रीत आहे, हे ज्यास उमजले त्यास तो तास तितकासा लांब वाटणार नाही.