मुरलेल्या तेलाचा हिशेब

घातक पदार्थांनी दूषित झालेली जमीन प्रदूषण करणाऱ्यानेच स्वखर्चाने स्वच्छ करावी, असे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांचे सूत्र आहे. मात्र खर्च कोणाचा हे ठरले म्हणजे जमीन स्वच्छ झाली, असे नव्हे. तेलगळतीबाबत तर हे विशेष खरे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी शहराजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये तेलवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे उपसले गेले. तरी सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. जीवाणू या तेलाचे विघटन करतात व दूषित पाण्याचा फैलाव रोखतात, हे तेथील दीर्घ संशोधनातून दिसले. पण चार दशकांनंतरही तेल पूर्णपणे संपलेले नाही.

पाण्याहून हलके असलेले तेल भूजलावर तरंगते आणि पाणीपातळीबरोबर वरखाली होत मातीच्या कणांत अडकते. पंपाने निघते ते केवळ मोकळे तेल. अडकलेल्या तेलातील कर्करोगकारक बेंझिन पाण्यात विरघळत राहते. उपसलेली माती जीवाणूंच्या साह्याने शुद्ध करता येते. 'टेरी'चे 'ऑइलझॅपर' हे त्याचे देशी उदाहरण. खोलवरच्या भूजलाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

त्यामुळे नियमांची खरी कसोटी लागेल ती गळती वेळीच शोधण्यात आणि परिसरातील विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे तपासण्यात. कारखाने बंद पडतात, मालक बदलतात. ते पाणी पिणारे मात्र तेथेच राहतात.