सांभाळणाऱ्याचाही केसपेपर हवा

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला मानसोपचारतज्ज्ञ कशाला हवा, हा प्रश्न गिरगाव-लालबागमध्ये आजही सहज विचारला जातो. हा म्हातारचळ आहे, त्याला इलाज नाही. आईवडिलांचे करणे हे कर्तव्यच आहे, त्याचा ताण कसला. आणि चाळीत शेजारपाजार असताना परक्याचा सल्ला कशाला, अशी त्यामागची कारणे असतात. या प्रत्येकात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत.

म्हातारचळाची समजूत लवकर निकालात निघते. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीच्या 2023 मधील निष्कर्षांनुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. याचा दुसरा अर्थ असा की नव्वदहून अधिक टक्के वृद्धांना तो नाही. तेव्हा तो म्हातारपणाचा भाग नसून आजार आहे. तो सहसा बरा होत नाही हे खरे. पण बरा न होणारा आजार घरात वर्षानुवर्षे राहतो, तेव्हाच सांभाळणाऱ्याला आधार लागतो.

चाळीचा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. उघडी दारे आणि गॅलरीतली माणसे यांमुळे एकटेच बाहेर पडलेले आजोबा जिन्यातच अडवले जातात. ही सोय कोणतीही संस्था देऊ शकत नाही. मात्र वरळी, नायगाव, डिलाईल रोड येथील 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळींची खोली 160 चौरस फुटांची. तिथे एक माणूस रात्रभर जागा राहिला की सगळे घर जागे राहते आणि सकाळी कामावर जाणारा झोपेविना निघतो. शिवाय चाळीत आरोपही जाहीर होतो. सासूने ‘सुनेने माझ्या पाटल्या लपवल्या’ असे ओरडून सांगितले की ते चार बिऱ्हाडांना ऐकू जाते. शेजारी बाजू घेतात, सून दार लोटून बसते. असा संशय हे आजाराचे लक्षण आहे, जुन्या भांडणाचा सूड नव्हे, हे घरच्यांना आणि त्यांच्या संमतीने लगतच्या शेजाऱ्यांनाही समजावणे, हे मानसतज्ज्ञाचे अगदी पहिले काम. ते शेजारी स्वतःहून करू शकत नाहीत, कारण त्यांनाही ते ठाऊक नसते. आता तर पुनर्विकासात चाळीच उठत आहेत. संक्रमण शिबिरात ओळखीचा जिना नसतो आणि टॉवरमध्ये दारे बंद असतात.

कर्तव्याचा मुद्दा नाकारण्याचे कारण नाही. नाकारायचे ते एवढेच की कर्तव्य करणारा थकत नाही. हे कर्तव्य बहुधा सून, पत्नी किंवा नोकरी सोडलेली मुलगी करते, आणि डोंबिवलीला राहायला गेलेला भाऊ रविवारी फोनवर सूचना देतो. समुपदेशकाने एकदा सगळ्या भावंडांना समोर बसवावे. रुग्णाची देखभाल करायला ठेवलेल्या ब्युरोच्या बाईचे पैसे कोण देणार, आठवड्यातली एक रात्र कोण येणार, हे तिथेच ठरावे. ‘मन मोकळे करा’ या सल्ल्यापेक्षा अशा एका बैठकीचा उपयोग जास्त होतो.

इथे दोष तज्ज्ञांकडेही जातो. ‘स्वतःची काळजी घ्या, थोडी विश्रांती घ्या’ हे वाक्य, रुग्णाला कुणाकडे सोपवायचे हे न सांगता उच्चारले, तर ती निव्वळ थट्टा ठरते. दुसरी पळवाट म्हणजे रुग्णाला शांत करणारी गोळी. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिला आहे. काही प्रसंगी ही औषधे लागतात, पण घरच्यांना झोप मिळावी एवढ्यासाठी ती देणे असमर्थनीय आहे.

यावर व्यवहारी आक्षेप येतो: केईएम, नायर, सायनच्या गर्दीच्या ओपीडीत नातेवाइकासाठी वेळ कुठून आणायचा? याचे उत्तर गोव्यात मिळाले आहे. तिथे 81 कुटुंबांवर झालेली चाचणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी कोकणी बोलणारे, बारावीपर्यंत शिकलेले स्थानिक सल्लागार थोड्या दिवसांत तयार केले. ते सहा महिने, साधारण पंधरवड्यातून एकदा, घरी जात. मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशक त्यांच्या पाठीशी असत. सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा मनस्ताप घटला. एकूण भार मोजणाऱ्या श्रेणीत मात्र निर्णायक फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. काम कमी झाले नाही. ते करणाऱ्याचे खचणे कमी झाले. एवढ्यासाठीही ही पद्धत उचलण्याजोगी आहे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत प्रशिक्षित समाजसेवक आधीच आहेत, त्यामुळे सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.

अशा भेटीत शिकवायचे ते अगदी ठोस असते. परळचा जुना गिरणी कामगार पहाटे उठून पहिल्या पाळीला निघतो. गिरणी 1982 च्या संपानंतर बंद पडली, असे त्याला रोज पटवून देण्यात अर्थ नसतो. तो चिडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो. ‘आज सुटी आहे, चहा घेऊन बसा’ म्हटले, साच्यावरच्या दिवसांविषयी विचारले, की बहुतेकदा वेळ टळते. हे खोटे बोलणे नव्हे काय, अशी बोच मुलाला लागते. ती बोच ऐकून घेणे हाही उपचारच. समोरचा माणूस जिवंत असताना तो हरवल्याचे दुःख, चिडून हात उगारल्याची शरम, ‘आता सुटका व्हावी’ या विचाराची अपराधी भावना, या गोष्टी नातेवाईक शेजाऱ्यांपाशी बोलत नाहीत. नैराश्य, झोप उडणे, आत्महत्येचे विचार यांची विचारपूस रुग्णासमोर नव्हे, वेगळ्या खोलीत झाली पाहिजे. मध्यरात्री कोणी नसेल तेव्हा ‘टेली-मानस’चा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून उपलब्ध आहे, पण तो घरी येणाऱ्या माणसाची जागा घेऊ शकत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाड येतो आणि कलम 18 रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांची तरतूद करायला सांगते. म्हणजे हा आधार मागणे ही कुणाकडे याचना नाही. महापालिकेच्या रुग्णालयांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबरोबर आलेल्या माणसाचा स्वतंत्र केसपेपर काढावा, आणि नातेवाइकांनी तो खिडकीवर मागून घ्यावा.